सगळ्या गाड्यांची तोंडं एकीकडे

"मला एका रस्त्याचा संशय आहे," असं म्हणत ती मुलगी आत आली आणि खुर्चीत बसायचंही विसरली.

भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. या खोलीत लोक नवऱ्याचा संशय घेऊन येत, भागीदाराचा घेऊन येत, क्वचित शेजाऱ्याच्या कुत्र्याचाही. रस्त्याचा संशय घेऊन आलेली ही पहिलीच.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "काय केलं रस्त्याने?"

"काहीच नाही. तोच तर प्रश्न आहे."

वहिनींचा व्यवसाय खाजगी तपासाचा. भाऊजी हे त्यांचे धाकटे दीर. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या तपासाला आपली जुनी मोटार आणि स्वतःला जुंपून घेत. मनात आलेला प्रश्न ते लगेच मोठ्याने विचारून टाकत. यातले बरेच प्रश्न बिनकामाचे असत, पण वहिनींनी त्यांना कधी थांबवलं नव्हतं.

मुलगी राज्याच्या रस्ते सुरक्षा कार्यालयात काम करत होती. कार्यालयात तिला 'आकडेवाली' म्हणत, आणि ते तिला आवडत असावं, कारण स्वतःची ओळख तिने तशीच करून दिली.

"राज्यात कुठेही अपघात झाला की पोलीस हातातल्या यंत्रावर नोंद करतात," ती म्हणाली. "नोंदी माझ्याकडे येतात. मी प्रत्येक अपघाताचा ठिपका नकाशावर मांडते. जिथे ठिपके दाट, तिथली दुरुस्ती आधी. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा या ठिपक्यांवर ठरतो."

तिने नकाशा टेबलावर पसरला. एका जागी ठिपके इतके एकावर एक पडले होते की तिथे शाई सांडल्यासारखी दिसत होती.

"हे यादीत सगळ्यात वर आलंय. मी स्वतः जाऊन आले. सरळ, सपाट, रुंद रस्ता. वळण नाही, फाटा नाही, उतार नाही. पलीकडच्या टोकाचं माणूस इथून दिसतं. तिथे अपघात व्हायला कारणच नाही."

"सरळ रस्त्यावर डुलकी लागते," भाऊजी म्हणाले. "मला तर लागतेच."

"गाडी चालवताना?" वहिनींनी विचारलं.

"बाजूला बसलो असताना."

आकडेवाली हसली नाही. "साहेब म्हणतात, आकडे आहेत ना, मग झालं. दुभाजक, दिवे, कठडे, सगळं मंजूर आहे. आकडे तपासले आणि ते बरोबर आहेत, अशी सही परवा मी करायची. एकदा सही झाली की त्या भागाचा पाच वर्षांचा निधी तिथेच जाणार."

"मग करा की सही," भाऊजी म्हणाले. "साहेब खूश, तुम्ही मोकळ्या."

"माणसं मेलीत, काका. या ठिपक्यांमध्ये मेलेली माणसं आहेत. ती इथे मेली नसतील तर दुसरीकडे कुठेतरी मेलीत. तिथे पाच वर्षं कुणी फिरकणार नाही, आणि कागदावर सही माझी असेल."

वहिनी नकाशाकडे बघत होत्या. "नोंदी कुणी मुद्दाम फिरवत असेल असं वाटतं?"

"तेच कळत नाही. रस्त्याच्या कडेला एक क्रेनवाला आहे, त्याचं गॅरेज आहे. मोडक्या गाड्या त्याच्याकडेच जातात. नोंदी करणारा हवालदार एकच. आणि रस्ता जिथे संपतो त्याच्या पुढे एक रोपवाटिका. आसपास बाकी कुणीच नाही."

"फोटो असतील ना?"

तिने लॅपटॉप उघडला. वहिनी एकेक फोटो बघत गेल्या. भाऊजी त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते.

"अरेरे, दारं पार आत गेलीत," ते म्हणाले. "पण गाड्या उभ्या कशा शिस्तीत आहेत बघा! एकीमागे एक. नाटकाला आल्यासारख्या."

वहिनींची बोटं थांबली. "ही गाडी कुठून कुठे चालली होती?"

"शहराकडून बाहेर."

"आणि ही, हिच्या मागे उभी आहे ती?"

"ही शहराकडे येत होती."

"चालवणारे कुठले होते?"

"ते मीही तपासलं. प्रत्येक अपघातात निदान एक चालक तरी लांबचा असतो. दोन्ही चालक तिथलेच, असा अपघात एकही नाही."

वहिनींनी लॅपटॉप मिटला. "भाऊजी, म्हातारीत पेट्रोल आहे?"

म्हातारी म्हणजे भाऊजींची मोटार.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शहराबाहेर पडले. आधी पोलीस चौकी लागली, मग गॅरेज, आणि त्यापुढे तो रस्ता. आकडेवालीने सांगितल्याप्रमाणेच होता. पट्टी लावून आखल्यासारखा सरळ, दोन्ही बाजूंना भरपूर रुंद कडा, आणि लोखंडी जाळ्यांमध्ये लावलेल्या झाडांची ओळ.

गॅरेज मागे पडलं आणि म्हातारी रस्त्याच्या मधोमध खोकून बंद पडली.

"हिला जागा बरोबर कळते," भाऊजी म्हणाले आणि खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आतच गॅरेजकडून एक पिवळी क्रेन येऊन पुढ्यात उभी राहिली. उडी मारून उतरलेल्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याने म्हातारीचं नाक आकड्यात अडकवलं.

"अहो, थांबा! काय झालंय ते तरी बघा!"

"ते नंतर. आधी रस्ता सोडा. ताई, तुम्ही त्या झाडापाशी जाऊन उभ्या राहा. काका, तुम्हीपण."

त्याने म्हातारीला ओढत अर्धं वर्तुळ घेतलं आणि समोरच्या बाजूच्या रुंद कडेला नेऊन लावलं. चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले. या ओढाताणीत म्हाताऱ्या मोटारीचा एक दिवा फुटला होता. केबिनमधून खराटा काढून त्याने रस्त्यावरची काच झाडून एका डब्यात भरली. मग कुठे कपाळाचा घाम पुसत विचारलं, "बोला, काय झालं?"

"आम्हाला तिकडे जायचं होतं," भाऊजी रागाने म्हणाले. "तुम्ही तिचं तोंडच फिरवून टाकलंत!"

"गाडी क्रेनच्या मागे येते, काका. क्रेनचं तोंड जिकडे, तिकडे तिचं. माझं गॅरेज इकडे आहे."

तो बॉनेटमध्ये वाकला. वहिनी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"इथे फार अपघात होतात म्हणे."

"होतात. बाहेरच्या माणसांना अंदाज येत नाही."

"कशाचा?"

"रस्त्याचा. ही वायर बघा, उंदराने खाल्लीय."

"तुमच्या धंद्याला बरंच आहे म्हणायचं," भाऊजी अजून धुमसत होते.

क्रेनवाला सरळ उभा राहिला. "जिच्यात माणूस गेलं त्या गाडीचा पैसा मी घेत नाही, काका. कुणालाही विचारा."

भाऊजी ओशाळले. वायर आणायला सगळे गॅरेजमध्ये गेले. तिथे भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. नाक-डोळे क्रेनवाल्यासारखेच.

"भाऊ?" वहिनींनी विचारलं.

"थोरला."

"अपघातात गेले?"

"अपघातात नाही," क्रेनवाला म्हणाला. "अपघात झाल्यावर." आणि तो वायर शोधायला आत गेला.

म्हातारीची दुरुस्ती होईपर्यंत वहिनी रस्त्याच्या कडेने चालत टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. भाऊजी त्यांच्या मागे मागे होते.

"काय शोधताय, वहिनी?"

"झाडं बघतेय. छान वाढलीत."

"झाडं बघायला एवढ्या लांब आलो?"

"जाळ्यांना हात लावून बघा. गंज चढलाय, पण एकही वाकलेली नाही."

हवालदार चौकीत चहा पीत होता. स्वभावाने मोकळा, बोलण्याची हौस असलेला.

"माझ्या नोंदीत चूक निघणार नाही," त्याने आधीच सांगून टाकलं. "मी हाताने काही लिहितच नाही, मग चुकणार कसं? जागेवर जायचं, यंत्राचं बटण दाबायचं. ठिकाण आपोआप लागतं."

"तुम्ही पोचता तेव्हा काय दिसतं?"

"गाड्या कडेला, रस्ता मोकळा, जखमी दवाखान्यात. क्रेनवाला असल्यावर मला काही बघावं लागत नाही. माझी इथे बदली झाली तेव्हा आधीच्या हवालदाराने एकच सांगितलं, की बाकी कुणाशी भांडा, त्याच्याशी भांडू नका."

"आणि लोकांचे जबाब?"

"घेतो की. चूक कुणाची यावरून इतकी वादावादी, की विचारू नका. ते कागद चौकीतच राहतात. वर जाते ती फक्त यंत्रातली नोंद."

"अपघात कुठे झाला, हे विचारता?"

हवालदार हसला. "बाई, गाड्या समोर उभ्या असतात. विचारायचं काय त्यात?"

दुपारी दुरुस्त झालेली म्हातारी घेऊन ते पुढे निघाले. सरळ रस्ता संपल्यावर छोटासा चढ होता. त्यामुळे पलीकडचं अलीकडून दिसत नव्हतं. चढ उतरताच डावीकडून एक अरुंद रस्ता येऊन मिळत होता आणि त्या कोपऱ्यावर रोपवाटिका होती. माणसापेक्षा उंच, घनदाट हिरवं कुंपण अगदी डांबराच्या कडेपर्यंत आलं होतं.

मालकीणबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी नळ बंद केला नाही.

"रोपं घ्यायची आहेत की नुसतं बघायचंय?"

"बघतो आधी," वहिनी म्हणाल्या. "कुंपण सुरेख वाढवलंत."

"धुळीसाठी. नाहीतर एक रोप जगायचं नाही." उत्तर जरा घाईने आलं.

बाहेर भोंगा वाजला. लगेच दुसरा. थोड्या वेळाने तिसरा.

"काय ही लोकं!" भाऊजींनी कानावर हात ठेवले. "रस्ता रिकामा आहे आणि सारखे भोंगे कसले वाजवतात?"

"सवय असते इथल्यांना."

वहिनी कोपऱ्यावरच्या भिंतीपाशी वाकल्या होत्या. भिंत जुन्या काळपट विटांची होती, पण कोपऱ्याला तांबड्या विटा होत्या, आणि त्यांच्या मध्ये काही अगदी नव्या, अजून धूळही न बसलेल्या.

"भिंतीला काय झालं?"

"घासतो एखादा ट्रक," मालकीणबाई म्हणाल्या आणि पाण्याचा झोत आणखी मोठा केला.

भाऊजी रस्त्यावर जाऊन उभे होते. परत येऊन म्हणाले, "इथे रस्ता किती स्वच्छ आहे! काचेचा कण नाही, कागद नाही. नगरपालिका बरी दिसते."

"इथे नगरपालिका नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी एक गुलाबाचं रोप विकत घेतलं आणि त्या म्हातारीत जाऊन बसल्या.

---

सहीच्या दिवशी सकाळी सगळे सरळ रस्त्यावर जमले. आकडेवाली सहीचा कागद घेऊन आली होती. तिचे साहेब घड्याळ बघत होते. क्रेनवाला हात पुसत आला, हवालदार आपलं यंत्र घेऊन, आणि मालकीणबाई येणार नाही म्हणता म्हणता आल्या.

"थोडक्यात सांगा," साहेब म्हणाले.

"थोडक्यात सांगायचं तर या रस्त्यावर एकही अपघात झालेला नाही," वहिनी म्हणाल्या.

हवालदार उसळला. "म्हणजे मी खोट्या नोंदी केल्या?"

"तुम्ही अगदी खऱ्या नोंदी केल्यात. तुम्ही जिथे उभे राहिलात, तिथली जागा यंत्राने लावली. प्रश्न एवढाच आहे की तुम्ही कुठे उभे होता." वहिनी झाडांकडे वळल्या. "या जाळ्या बघा. राज्यातला सगळ्यात वाईट रस्ता, आणि एक जाळी वाकलेली नाही. गाड्यांचे चुराडे होतात, पण झाडाला धक्का लागत नाही. एवढ्या सभ्य गाड्या मी पाहिलेल्या नाहीत."

"हे काही पुरावा म्हणून चालणार नाही," साहेब म्हणाले.

"मग दारं घ्या. भाऊजींच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की चेपलीत ती दारं. डुलकी लागून गाडी ठोकली तर नाक फुटतं. दार चेपायला दुसरी गाडी बाजूने यावी लागते. इथे बाजूने यायला रस्ता आहे कुठे?"

भाऊजींनी उगाचच कॉलर नीट केली.

"आता गाड्यांची तोंडं. काही गाड्या शहराकडे येत होत्या, काही शहरातून जात होत्या. पण फोटोत सगळ्या शहराकडे तोंड करून उभ्या आहेत. का, ते मला परवा कळलं नाही. काल कळलं. भाऊजी, तुमच्या म्हातारीचं तोंड कुणी फिरवलं?"

भाऊजींनी क्रेनवाल्याकडे बोट दाखवलं आणि मग त्यांचा तो हात तसाच हवेत राहिला. "म्हणजे... त्या सगळ्या ओढून आणलेल्या होत्या?"

"एकूण एक. चला, चढापलीकडे जाऊ."

सगळे चालत चढावर गेले. खाली अरुंद रस्ता, उंच कुंपण आणि तीन रंगांच्या विटांचा कोपरा दिसत होता. एक ट्रॅक्टर अरुंद रस्त्याने आला, थांबला, त्याने भोंगा वाजवला, अंदाज घेतला आणि मग हळूच बाहेर आला.

"कुंपणामुळे त्याला मोठा रस्ता दिसत नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि चढामुळे मोठ्या रस्त्यावरच्याला तो दिसत नाही. इथल्या माणसांना हे माहीत आहे, म्हणून ते भोंगा वाजवतात. दोघेही इथले असले की काही होत नाही. एक जरी बाहेरचा असला, तर तो भोंगा वाजवत नाही, आणि वाजलेला त्याला कळत नाही. अपघात इथे होतात. भिंत ट्रक घासून इतक्यांदा पडत नाही, मालकीणबाई."

मालकीणबाई जमिनीकडे बघत होत्या. "कुंपण सरकारी जागेत गेलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चौकशी इथवर आली असती तर कापावं लागलं असतं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

"तरी राहतोच प्रश्न," आकडेवाली म्हणाली. "गाड्या इथून तिथे का नेल्या? कुणाला लपवायचं होतं?"

"कुणालाच नाही. काच झाडून डब्यात भरणारा माणूस लपवण्यासाठी झाडत नाही. पुढच्याचं चाक फुटू नये म्हणून झाडतो." वहिनी क्रेनवाल्याकडे वळल्या. त्यांचा स्वर मऊ झाला. "तुमचे थोरले भाऊ अपघात झाल्यावर गेले, म्हणालात. ते इथे कुणाला तरी मदत करत होते ना?"

क्रेनवाल्याने मान हलवली. "दोन गाड्या आदळल्या होत्या. मी दवाखान्यात फोन लावत होतो. भाऊ आतल्या माणसाला बाहेर काढत होता. चढावरून तिसरी गाडी आली. तिला दिसलंच नाही." त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. "तेव्हापासून मी इथे काही राहू देत नाही. माणूस दवाखान्यात पोचवायचं, की लगेच गाड्या तिकडे, रुंद जागेत. पोलीस येईपर्यंत थांबायचं नाही. त्यानंतर तसा एकही माणूस गेला नाही, ताई. एकही नाही."

"खरं आहे. तुम्ही कितीतरी जणांना वाचवलंत."

पण क्रेनवाला आता नकाशाकडे बघत होता. आकडेवालीच्या हातात तो अर्धवट उलगडलेला होता, आणि शाई सांडल्यासारखी ती जागा वर आली होती.

"म्हणजे हे तुमच्यापर्यंत पोचलंच नाही," तो म्हणाला. "इथली जागा... मी झाडून टाकत होतो."

हवालदाराने यंत्र खिशात घातलं, पुन्हा बाहेर काढलं, आणि मग नुसतंच हातात धरून ठेवलं.

साहेब खाकरले. "तर्क पटतो. पण आराखड्याला ठिकाणं लागतात. सगळे ठिपके उचलून अंदाजाने इथे आणता येणार नाहीत."

"साहेब, मी सही करणार नाही," आकडेवाली म्हणाली. तिने कागदाची घडी घातली. "मला थोडा वेळ द्या. चौकीत जबाब आहेत. त्या माणसांना एकच प्रश्न विचारायचा आहे, जो कुणी विचारलाच नाही."

साहेबांनी कुंपणाकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. तेवढ्यात चढावरून एक मोटार वेगाने उतरली आणि भोंगा न वाजवता कोपऱ्यावरून निघून गेली. पाठोपाठ अरुंद रस्त्यावर आणखी एका ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. साहेबांचा हात नकळत भाऊजींच्या दंडावर गेला होता. तो त्यांनी काढून घेतला.

"घ्या वेळ," ते म्हणाले. "मी यादी थांबवतो."

क्रेनवाला चढ उतरून गॅरेजकडे गेला होता. तो परतला तो क्रेन घेऊन, मागचे दिवे लुकलुकवत. क्रेन त्याने चढावर आडवी लावली, म्हणजे कुणी वेगाने येणार नाही. केबिनमधून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश काढला.

"गाड्या मी हलवणारच," तो हवालदाराला म्हणाला. "ते थांबणार नाही. पण यापुढे आधी चाकांपाशी खुणा करीन. तुम्ही यायचं ते खुणांपाशी. बटण तिथे दाबायचं."

"येईन," हवालदार म्हणाला.

मग क्रेनवाला डांबरावर वाकला. इथे निळी गाडी, तोंड भिंतीकडे. इथे दुधाची व्हॅन. इथे त्या नवराबायकोची, लांबून आलेली. प्रत्येक ठिकाणी तो थोडा थांबे आणि खूण करी. आकडेवाली वही न काढता त्याच्या बाजूने चालत होती आणि फोटोतल्या गाड्या आठवून एकेका खुणेला मान डोलवत होती. कोपऱ्याभोवतीचा रस्ता हळूहळू पांढरा होत गेला.

मागे कुठेतरी कात्रीचा आवाज येऊ लागला. मालकीणबाईंनी कुंपणाला हात घातला होता.

"आता तरी घरी जायचं का?" भाऊजींनी विचारलं, पण हलले मात्र नाहीत.

डब्यात रंग संपत आला होता. क्रेनवाल्याने शेवटची खूण रस्त्याच्या कडेला, बाकीच्यांपासून जरा लांब केली. ती लहान होती.

आकडेवाली तिथे येऊन थांबली. "ही कुठली गाडी? मला आठवत नाही."

"ही गाडीची नाही," क्रेनवाला म्हणाला.

तिने मान हलवली, पेन्सिल काढली, आणि नकाशावर त्या कोपऱ्यावर पहिला ठिपका ठेवला.